यादीत नाव नसलेलं बाळ

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे असतात आणि कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या हंगामाची लगबग सुरू होते. कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते, आणि बीड, परभणी, जालना, अहिल्यानगरकडून टोळ्या यायला लागतात. कुंभी-कासारी, भोगावती, बिद्री, वारणा, दत्त-शिरोळ, जवाहर... कारखान्याचं नाव बदलतं, शिवारातलं दृश्य तेच राहतं. गावाबाहेरच्या पडीक तुकड्यावर ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे नवरा-बायकोचा कोयता फडावर जातो. मागे उरतं ते चुलीवरचं भांडं, दावणीची बैलं आणि आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या काखेत बसलेलं तान्हं पोर.

या पोराला पोलिओचे थेंब कोण पाजणार? त्याच्या मांडीत घटसर्पाची, धनुर्वाताची लस कोण टोचणार? त्याचा जन्म एका जिल्ह्यात, मुक्काम दुसऱ्या जिल्ह्यात. सरकारी लस मोफत आहे, ती कोल्हापुरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, ती टोचणारी सिस्टरही असते. अडतं ते एवढ्यावरच, की हे बाळ इथे आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. लसीकरणाची सारी यंत्रणा सुई, बाटली आणि फ्रीज यांच्यावर चालते असं बाहेरून वाटतं. आत डोकावलं की कळतं, ती एका यादीवर चालते. यादी पक्की असेल तर लस बाळापर्यंत पोहोचते. यादीत नाव नसेल तर दोन किलोमीटरवर लसीचा साठा असूनही ते बाळ कोरडंच राहतं.

दोन जिल्ह्यांत वाटलेलं बाळपण

राष्ट्रीय वेळापत्रक समोर ठेवून एक हिशेब मांडून बघू. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांच्या आत कावीळ ब ची लस. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि रोटा. त्यातच सहाव्या व चौदाव्या आठवड्याला पोलिओची टोचायची लस आणि न्यूमोनिया रोखणारी पीसीव्ही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि जीवनसत्त्व अ. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओचा बूस्टर. पाच-सहा वर्षांचं झालं की पुन्हा डीपीटी, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस.

आता समजा, बाळ सप्टेंबरअखेर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जन्मलं. जन्माच्या लसी तिथल्या रुग्णालयात झाल्या. सहावा आठवडा येतो नोव्हेंबरच्या मध्यात. तोवर टोळी कोल्हापुरात दाखल झालेली असते. दहावा आठवडा डिसेंबरात, चौदावा जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, मेंदूज्वर, न्यूमोनिया, जुलाब या सगळ्यांपासून बाळाचं रक्षण करणारे तिन्ही टप्पे कोपीतल्या मुक्कामात येतात. नऊ महिने पूर्ण होतात जूनअखेर. तेव्हा कारखान्याचा पट्टा पडून महिने उलटलेले असतात आणि टोळी परत गावी गेलेली असते. तिथल्या आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, रजिस्टरात या बाळापुढे जन्माच्या लसींनंतर थेट गोवर-रुबेला येतं. मधल्या रकान्यांत काय झालं हे फक्त आईजवळच्या कार्डावर असतं, तेही ते कार्ड पावसात भिजलं नसेल तर.

हे फक्त ऊसतोड कामगारांपुरतं नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर, शिरोलीच्या फाउंड्रीत, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून माणसं येतात. वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं येऊन राहतात. आणि आपल्या घराघरांतलं उदाहरण द्यायचं तर पहिलटकरीण माहेरी जाते. बाळंतपण कागलला, सासर पन्हाळ्याला. सव्वा-तीन महिने माहेरी काढून ती बाळाला घेऊन परतते, तेव्हा एका गावाच्या यादीतून बाळ उतरलेलं असतं आणि दुसऱ्या गावाच्या यादीत अजून चढलेलं नसतं. सुशिक्षित घरांतलीसुद्धा चौदाव्या आठवड्याची लस या येण्याजाण्यात राहून जाते.

उपकेंद्रातली सकाळ

ग्रामीण भागात सपाटीवर साधारण पाच हजार लोकसंख्येला आणि डोंगरी भागात तीन हजारांना एक उपकेंद्र, तर तीस किंवा वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका असते. कागदोपत्री ती एएनएम, गावात तिला सिस्टर म्हणतात. तिच्या जोडीला आरोग्यसेवक, अलीकडच्या काळात समुदाय आरोग्य अधिकारी, आणि गावागावांत आशाताई व अंगणवाडी सेविका. लसीकरणाचा वार ठरलेला असतो. कधी ते उपकेंद्रात होतं, कधी अंगणवाडीत, कधी वाडीवरच्या समाजमंदिरात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात.

करवीर तालुक्यातल्या एका उपकेंद्रातलं सत्र पाहिलं की दिवसाची सुरुवात किती आधी झालेली असते ते कळतं. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात डीप फ्रीझरमधून आइस पॅक बाहेर काढून टेबलावर मांडून ठेवतात. घाई करून ते लगेच कॅरिअरमध्ये भरायचे नसतात. त्यांना घाम फुटू द्यायचा. मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलं, बर्फ सुटा झाल्याचं कळलं, की तो वापरायला योग्य. असे चार पॅक कॅरिअरच्या चार भिंतींना लावून मध्ये लसी ठेवतात. कारण लसीला जितकं ऊन मारक, तितकाच बर्फही मारक. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही, कावीळ ब आणि टीडी एकदा गोठल्या की त्यांचा गुण जातो. वितळल्यावर बाटली वरवर पुन्हा सारखीच दिसते, म्हणून धोका अधिक. दोन ते आठ अंश सेल्सिअस या सहा अंशांच्या पट्ट्यात लसीला मुंबईच्या आगारातून पुण्याच्या राज्य भांडारात, तिथून कोल्हापूरला, तिथून केंद्राच्या आयएलआर या लसीच्या फ्रीजमध्ये आणि शेवटी या निळ्या पेटीतून उपकेंद्रात आणायचं असतं. आयएलआरचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितात. कुठल्या केंद्रात कुठली लस किती उरली हे आता ‘ई-विन’ या संगणकीय जाळ्यात दिसतं.

बाटलीवर एक छोटी खूण असते. वर्तुळ आणि त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते. दोघांचा रंग एकसारखा झाला की उष्णता लागून गेली असं समजायचं आणि बाटली बाजूला ठेवायची. सिस्टर प्रत्येक बाटली उचलताना ती खूण बघते. हाताला इतकी सवय असते की बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दहाच्या सुमाराला बायका येऊ लागतात. आशाताईने आदल्या दिवशी घरोघर निरोप दिलेला असतो. तिच्या हातात त्या दिवसाची यादी असते, सगळे तिला ‘ड्यू लिस्ट’च म्हणतात. कुणाचं सहा आठवड्यांचं, कुणाचं नऊ महिन्यांचं, कोण मागच्या वेळी ताप होता म्हणून राहिलं. सहा आठवड्यांच्या बाळाला एकाच बैठकीत तोंडावाटे दोन लसी आणि तीन सुया. उजव्या दंडात कातडीच्या थरात पोलिओ, उजव्या मांडीत पीसीव्ही, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट. एखादी आजी हटकून विचारते,

“तीन-तीन सुया एकाच दिवशी? पोरगं केवढं, आणि सुया किती!”

“आजी, आज तीन टोचल्या म्हणून पुढचे दोन हेलपाटे वाचले बघा. ताप येईल एखाद दिवस. आला तर हे औषध द्यायचं. टोचलंय तिथं काही लावायचं नाही, चोळायचं नाही.”

“हळद लावली तर?”

“हळदबी नको.”

मग ती आईकडे वळते आणि चार गोष्टी सांगते. आज कुठली लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या खेपेला कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून दर वेळी आणायचं. त्यानंतर अर्धा तास बसवून ठेवतात. बाळाला अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आलीच तर ती बहुधा या अर्ध्या तासात येते, आणि त्यासाठी लागणारं इंजेक्शन तयार असतं. घाईत असलेल्या सुना उठू बघतात, तेव्हा आशाताई त्यांना गप्पांत गुंतवून धरते. कुणाच्या आईचं दुखणं, कुणाच्या नणंदेचं लग्न. त्या गप्पांमधूनच तिला कळतं की वरच्या आळीत कुणाची तरी लेक बाळाला घेऊन आली आहे. ते नाव लगेच यादीत चढतं.

दोन बाटल्यांबाबत दर सत्राला एक निर्णय घ्यावा लागतो. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची पूड द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. एका बाटलीत अनेक बाळांचे डोस असतात. समोर मात्र एकच बाळ आलंय. बाटली फोडावी की त्या आईला पुढच्या वेळी बोलवावं? नियम सांगतो, एका बाळासाठीही फोडा. डोस वाया गेले तरी चालतील, बाळ परत जाता कामा नये. कारण परत गेलेली आई पुन्हा येईलच असं नसतं, कोपीतली तर नाहीच नाही.

चूक किती महाग पडते

त्या चार तासांच्या नियमामागे जीव गेलेले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन बाळं दगावली. लस ठेवण्यात आणि हाताळण्यात चूक झाल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं. पातळ केलेली ही लस फार वेळ राहिली तर तिच्यात जंतू वाढतात. लस चांगली होती, तिच्याभोवतीची शिस्त सुटली होती.

असाच धडा एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावरही मिळाला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी हुबळीत हजारो लोकांना ती देण्यात आली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल इथे एका बाटलीतून टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने गेले. दोष हाफकिन यांच्यावर आला, ते पदावरून दूर झाले, आणि बाटली लस देण्याच्या जागी दूषित झाल्याचं मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. तोवर लसीवरच्या विश्वासाला जो तडा जायचा तो गेला होता. आज प्रत्येक इंजेक्शनला एकदाच वापरता येणारी, आपोआप अडकणारी सिरिंज असते, सुई तिथल्या तिथे हब कटरने तोडतात, लाल पिशवी आणि निळा डबा वेगळे ठेवतात. हे सगळं त्या जुन्या दुःखांतून शिकलेलं शहाणपण आहे. म्हणून ज्या सत्रात एकच सिस्टर लस टोचते, रजिस्टर लिहिते, मोबाइलवर नोंद करते आणि मध्येच बाह्यरुग्णांनाही बघते, त्या सत्राची मला काळजी वाटते. तिच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण शिस्तीला हात लागतात, आणि रिकाम्या जागा भरल्याशिवाय ते हात येत नाहीत.

देवी, प्लेग आणि कोल्हापूर

लसीकरण हे आपल्याकडे काल आलेलं नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, आणि भारतात ती पहिल्यांदा लागू पडली. तेव्हा फ्रीज नव्हते. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला स्राव दुसऱ्याच्या दंडात, असं दंडादंडांतून ती लस पुढे गेली. पुढच्या दीडशे वर्षांत खेडोपाडी फिरणारे ‘देवी डॉक्टर’ आले. साठी ओलांडलेल्या कुणाच्याही दंडावर ती खूण अजून दिसते. मे १९७५ मध्ये देशात देवीचा शेवटचा रुग्ण आढळला आणि एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीची पहिली वर्षं दुष्काळ आणि प्लेग यांनी घेरलेली होती. गावं रिकामी करून लोकांना रानात झोपड्या घालून राहावं लागलं. त्या काळात साथ म्हणजे कोप, आणि कोप म्हणजे देवीला साकडं. कोल्हापुरात आजही आषाढात पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून, पी-ढबाकच्या वाजंत्रीत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. पावसाळ्यात पाणी बदलतं, पोटाचे आजार येतात, हे माहीत असलेल्या समाजाची ती जुनी जाण आहे. ती श्रद्धा आणि लस यांच्यात मला भांडण दिसत नाही. टेंबलाईला पाणी घालून आलेल्या आया दुसऱ्या दिवशी बाळाला रोटाचे थेंब पाजायला रांगेत असतात.

स्वतंत्र भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ मध्ये त्याचं सार्वत्रिक रूप आलं. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी झाली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपल्या आग्नेय आशिया प्रदेशाला पोलिओमुक्त जाहीर केलं. पोलिओ हरला तो घरोघर जाऊन. भिंतीवर खडूने खूण करत, बसस्थानकावर, रेल्वेच्या डब्यात, वीटभट्टीवर, जिथे मूल असेल तिथे जाऊन. मुलाला असेल तिथे जाऊन शोधायचं, हा धडा तिथे मिळाला. पुढे २५ डिसेंबर २०१४ ला सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुषने तीच रीत बाकीच्या लसींना लावली. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम शाळाशाळांतून झाली, तेव्हा अफवांना तोंड द्यायला मास्तर आणि बाई पुढे आल्या.

महापूर आणि महासाथ

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचं लसीकरण सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, मार्चमध्ये साठीपुढचे आणि व्याधी असलेले पंचेचाळिशीपुढचे, एप्रिलमध्ये सगळे पंचेचाळिशीपुढचे, मे महिन्यात अठरापुढचे. पंचेचाळिशीपुढच्यांच्या लसीकरणात कोल्हापूर जिल्हा राज्यात आघाडीवर गणला गेला. ते शक्य झालं ते गावपातळीवरच्या केंद्रांमुळे. म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला जायला सांगितलं असतं तर ती रांग लागली नसती. उपकेंद्रात ओळखीची सिस्टर होती, आशाताईने हात धरून आणलं होतं, म्हणून ती माणसं आली. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये रुग्णसंख्येने जिल्हा राज्याच्या काळजीचा विषय झाला होता, हेही खरं. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी मोबाइलवरून वेळ घ्यायची पद्धत आली, तेव्हा जागा मिळवण्यात शहरातली तरुण मंडळी पुढे आणि गावातले, ज्यांना ते जमत नव्हतं ते मागे, असं राज्यभर घडलं. यंत्राने केलेली यादी आणि माणसाने केलेली यादी यांतला फरक त्या महिन्यांत उघडा पडला.

मग जुलै आला. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ एकोणचाळीस फुटांवर गेली की इशारा, त्रेचाळीस फुटांवर धोका. २०१९ प्रमाणेच २०२१ मध्येही नदीने हे दोन्ही आकडे मागे टाकले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. गगनबावड्याकडचा रस्ता तर मांडुकलीजवळ दर मोठ्या पावसात तुटतो. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात, तिथली गावं बेटं होतात. अशा वेळी वीज जाते, आणि आयएलआर किती तास थंड राहील हा प्रश्न उभा राहतो. साठा वेळेत उंचावरच्या केंद्रात हलवावा लागतो. छावणीत आलेल्या बाळांना शोधून त्यांचे डोस द्यावे लागतात. पुरानंतर टीडी लागते, जखमी माणसं येतात. पश्चिमेकडे राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या डोंगरात धनगरवाडे आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की तिथे पेटी खांद्याला लावून चालत जावं लागतं. म्हणून डोंगरातल्या वाड्यांचे डोस पावसाआधी आणि पावसानंतर कसे बसवायचे, याचा आराखडा उन्हाळ्यातच करायचा असतो. सूक्ष्म कृती आराखडा असं त्याचं सरकारी नाव. तो आराखडा गावाच्या नकाशाइतका खरा असला तरच उपयोगाचा.

महासाथीत नेहमीचं लसीकरण मागे पडलं त्याची किंमत पुढे मोजावी लागली. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला. बाळं गेली. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांपर्यंत आजार पोहोचवू शकतो. तो रोखायचा तर शंभरातल्या पंच्याण्णवांना दोन्ही डोस हवेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी ७६.४ टक्क्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. चौथ्या फेरीतल्या ६२ टक्क्यांपेक्षा हे पुष्कळ पुढे. पण उरलेले ते चोवीस टक्के देशभर सारखे विखुरलेले नसतात. ते एखाद्या वस्तीत, एखाद्या भट्टीवर, एखाद्या टोळीत एकत्र राहतात. गोवर नेमका तिथेच शिरतो. जिल्ह्याची सरासरी कितीही चांगली असली तरी त्या कोप्यांतल्या पोरांना तिचा उपयोग नाही.

आशाताईच्या पदरात काय पडतं

या सगळ्याचा भार ज्या बाईवर आहे तिचा मोबदला बघू. आशा ही स्वयंसेविका मानली जाते. तिच्या कामाचा मोठा भाग कामामागे मोबदला या हिशेबाने मोजतात. एक वर्षापर्यंत बाळाचं लसीकरण पूर्ण झालं की शंभर रुपये, दुसऱ्या वर्षाच्या लसी झाल्या की पंचाहत्तर. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२३ मध्ये आणि २०२४ च्या सुरुवातीला मानधनासाठी संप केला, तेव्हा राज्य शासनाने पाच हजार रुपयांची वाढ दिली. ती वाढ गरजेची होतीच. पण या हिशेबात हंगामी बाळ बसत नाही. ऊसतोड कामगाराचं मूल कोल्हापुरातल्या आशाच्या गावात वर्षभर राहतच नाही. ती त्याला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणेल, फडात जाऊन आईला समजावेल, आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत ते दोनशे मैलांवर निघून जाईल. तरीही अनेक आशा हे काम करतात. आतड्याच्या ओढीने करतात. आपण त्या ओढीच्या भरवशावर किती दिवस राहायचं?

‘अवनि’सारख्या संस्थांनी कोल्हापूर जिल्ह्यात वीटभट्टी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्या अनुभवातून एक गोष्ट शिकता येते. मुलं कुठे आहेत हे हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मोजलं तरच पुढचं काही करता येतं. महिना गेला की टोळी दुसऱ्या शिवारात सरकते.

हे बाळ यादीत येईल कसं

टोळी कुठे उतरली हे ज्याला पक्कं ठाऊक असतं तो माणूस आरोग्य खात्यात नसतो. तो कारखान्याच्या शेती विभागात असतो. तिथल्या चिटबॉयला आपल्या गटातली प्रत्येक टोळी कुठल्या शेतकऱ्याच्या रानात आहे आणि उद्या कुठल्या फडावर जाणार आहे हे माहीत असतं. ऊस तोडायची चिठ्ठीच तो देतो. शेती विभागाने दर आठवड्याला टोळ्यांच्या मुक्कामाची यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दिली, तर आरोग्यसेविकेला शिवारभर भटकावं लागणार नाही. यासाठी नवा पैसा लागत नाही. जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. प्रत्येकाने एक माणूस या कामाला नेमला तरी पुरेल.

टोळी जमवणारा मुकादम उचल देतो तेव्हा कोयत्यांची, म्हणजे जोडप्यांची, नावं लिहून घेतो. त्याच वहीत पाच वर्षांखालच्या मुलांची नावं आणि त्यांच्या लसीच्या कार्डाचा फोटो घेतला तर मूल जिल्हा ओलांडतानाच त्याची ओळख पटेल. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या नोंदणीत ही माहिती घेता येईल. ‘यू-विन’ या प्रणालीत बाळाची नोंद देशात कुठल्याही केंद्रावर पाहता यावी अशी सोय केलेली आहे. ती ऊसतोड कामगारांसाठी जितकी उपयोगी आहे तितकी दुसऱ्या कुणासाठी नसेल. पण त्यासाठी बीडच्या सिस्टरने नोंद केली पाहिजे आणि कोल्हापूरच्या सिस्टरने ती उघडून पाहिली पाहिजे. दोघींना त्यासाठी वेळ मिळाला पाहिजे.

सत्राची वेळही बदलायला हवी. सकाळी दहाला आई फडावर असते. कोप्यांमध्ये सत्र घ्यायचं तर ते संध्याकाळी, आई परतल्यावर किंवा कारखाना बंद असण्याच्या दिवशी. बारक्या बहिणीच्या संमतीवर तान्ह्याला टोचता येत नाही. आईला सांगून, तिच्यासमोर, तिच्या बोलीत समजावून टोचावं लागतं. आणि हंगामी बाळामागे आशाला डोसागणिक मोबदला द्यावा, पूर्ण वर्षाची अट तिथे लावू नये. हा बदल छोटा आहे. त्याने एक मोठं काम मोबदल्याच्या चौकटीत येईल.

उरतो तो आपला वाटा. ज्या शेतकऱ्याच्या रानात कोप्या पडतात, त्याच्या घरातल्या बाईला टोळीतलं तान्हं बाळ सगळ्यात आधी दिसतं. दूध मागायला किंवा पाणी भरायला आलेल्या आईच्या कडेवर ते असतं. ती बाई रोज संध्याकाळी दूध संस्थेत जाते आणि तिथे तिला आशाताई भेटते. “आमच्या मळ्यात दोन महिन्यांचं पोर आलंय” एवढं एक वाक्य तिथे बोललं गेलं, की ते नाव यादीत चढेल. ज्यांच्या भट्टीवर, कारखान्यात, बांधकामावर परगावची माणसं राहतात, त्यांनी हेच वाक्य फोनवर सांगावं. ज्यांच्या घरी बाळंतपणाला लेक आली आहे, त्यांनी सासरी पाठवताना साडी-चोळीबरोबर लसीचं कार्ड तिच्या हातात द्यावं आणि सासरच्या आशाताईचा नंबर तिला मिळवून द्यावा.

या हंगामात जिल्ह्यात येणाऱ्या प्रत्येक बाळाला ठरलेल्या आठवड्यात लस मिळणं हे त्या बाळाचं हक्काचं देणं आहे. कोल्हापूरने महापुरात आलेल्या माणसांना घरात घेतलं, अनोळखी माणसांना जेवू घातलं. पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही ही इथली रीत. या वर्षी ती रीत कोपीतल्या तान्ह्या पाहुण्याच्या लसीपर्यंत न्यावी, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात न्यावी. चौदावा आठवडा एकदा निघून गेला तर त्याच आठवड्याचं संरक्षण बाळाला परत मिळत नाही.